आकडा आला नसता

१८ ऑगस्ट, सोमवार

यांचा नवा शर्ट. शाळेच्या गाड्यांवरच्या ड्रायव्हरांना यंदापासून खाकीऐवजी निळा. कापड संस्थेचं, शिलाई माझी. सकाळी अंघोळ करून आले आणि बटणांशी झटापट सुरू. वरचं लागलं, दुसरं लागेना. म्हणाले, "काजं बारीक केले वं तू, बटन जातच नाई." गावभराचे शर्ट शिवते मी, आजवर काजांची तक्रार कुणी केली नव्हती. केली ती घरच्यानंच. उशीर होत होता म्हणून मीच उभी राहून लावून दिली. हनुवटी वर करून शहाण्यासारखे उभे होते. एवढ्या वर्षांच्या संसारात हे लाड आता सुचलेत.

दुपारी दुसऱ्या शर्टाची काजं उसवून मोठी केली. आता बटण नुसतं टेकवलं तरी आत जाईल.

संध्याकाळी सांगत होते, मालेगावला शाळेच्या आवारात आज एका ड्रायव्हरचा आकडा आला. सकाळी गाडी काढायच्या आधी सगळ्यांना त्या मशीनमध्ये फुंकावं लागतं. दारूचा आकडा दिसला की किल्ली जमा आणि माणूस घरी. माझ्या भावानंच पाठवलं त्याला. सुधाकर तिथं गाड्यांचा सुपरवायझर झाल्यापासून कुणाची गय करत नाही. यांना लावतानाही त्यानं संस्थेत "माझ्या जबाबदारीवर घ्या" म्हणून सांगितलं होतं, कारण यांचं ट्रकवर असतानाचं पिणं साऱ्या मेडशीला माहीत. सात वर्षं झाली सोडून. विहारात सगळ्यांसमोर उभं राहून सोडली, तेव्हापासून थेंब नाही. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगू शकते.

२१ ऑगस्ट

विहारात वर्षावासाचं वाचन चालू आहे. यंदा ग्रंथ वाचायला हेच बसतात. आवाज चांगला, ट्रकवर ओरडून कमावलेला. दारू सोडल्यावर माणसांनी यांना जो मान दिला तो हा, आणि तो यांना फार प्यारा आहे. जेवायच्या आधी उद्याची पानं घरी वाचून पाहतात.

आज मात्र मधेच थांबले. एकच ओळ दोनदा वाचली. मग बोट पानावर ठेवून बसून राहिले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी ग्रंथ गुरुजींकडे सरकवला आणि चष्म्याचा नंबर वाढला म्हणाले. घरी येताना मी म्हटलं, रविवारी मालेगावला जाऊ, डोळे दाखवू. बरं म्हणाले. एरवी कुठल्याही डॉक्टरचं नाव काढलं की यांना दहा कामं आठवतात.

२४ ऑगस्ट, रविवार

चष्मा झाला. दुकानदारानं तपासून सांगितलं, नंबरात फारसा फरक नाही, हाच चालला असता. पण हे ऐकेनात, नवा पाहिजेच. फ्रेमा काढायला लावल्या. एक घालून पाहिली, दुसरी पाहिली, आरशात मान वळवून वळवून बघितलं. मला विचारलं, "मास्तर दिसतो का?" मी म्हटलं, ड्रायव्हरच दिसता, पण शिकलेला. दुकानदारही हसला.

मग सु.कडे चहा. सु. गप्प. माझ्याकडे बघून बोलेना, यांच्याकडे तर बघेचना. वहिनीनं पोहे केले, तर हा मोबाइल घेऊन बाहेर. स्टँडवर सोडायला आला तेव्हा मला जरा बाजूला घेऊन विचारतो, भाऊजी संध्याकाळचे कुठं असतात. मी म्हटलं, विहारात असतात, आणखी कुठं असणार. बरं बरं म्हणाला. घरातलं काही बिनसलं असेल त्याचं. विचारलं नाही.

३० ऑगस्ट

ब्लाऊजांचा ढीग. गौरी उद्यावर आल्या तरी गिऱ्हाइकं सरेनात. हे लवकर आले आणि पडून राहिले. पित्त म्हणाले. उजव्या पायातली चप्पल पायरीवरच राहिली होती, एकाच पायात चप्पल घालून घरभर फिरले. मी हसले. तेही हसले, पण जरा उशिरानं.

१० सप्टेंबर. अकोला

लिहायला आज हात मोकळा झाला.

सोमवारी सकाळी मी चहाचा पेला दिला. तो हातातून गेला. मला वाटलं, गरम लागला असेल. वर बघितलं तर तोंड एका बाजूला ओघळलेलं. आईचं झालं होतं तसंच. माहेरी जऊळक्याला जेवताना आईच्या हातातली भाकर पडली, आम्ही तेल चोळत बसलो, अंगावरून वारं गेलं असेल, उतरेल म्हणून. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी नेली. मग ती अंथरुणावर किती वर्षं होती ते मी आणि सु. दोघांनी पाहिलंय. तेव्हा डॉक्टरनं आम्हा दोघा भावंडांना समोर बसवून शिकवलं होतं. हसायला सांगायचं, तोंड वाकडं होतं का बघायचं. दोन्ही हात वर करायला लावायचे, एक खाली येतो का बघायचं. नाव विचारायचं, जीभ अडखळते का ऐकायचं. यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही.

मी म्हटलं, हसा. अर्धंच तोंड हसलं. हात वर करा. डावा गेला, उजवा मांडीवरच. माझं नाव सांगा. जे आलं ते नाव नव्हतं.

माणसं जमली. कुणी पाणी पाजायला आलं, मी तांब्या हातातून काढून घेतला, घशात अडकलं तर आणखी जाईल. कुणी म्हणे लकवाच आहे, कबुतराचं रक्त लावणारा माणूस आहे, तिकडं चला. मी कुणाचं ऐकलं नाही. शेजारच्या रमेशभाऊंनी टेम्पो काढला. भाजी भरलेली होती ती तिथंच रस्त्यावर उतरवली बिचाऱ्यांनी, आणि सरळ अकोला.

डॉक्टरचा पहिला प्रश्न, कधी सुरू झालं. सांगितलं, आत्ता, चहाच्या वेळी. दुसरा, याआधी कधी थोडा वेळ तरी हात बधिर होणं, जीभ जड होणं, दिसेनासं होणं, असं काही? मी ठासून नाही म्हटलं. घरातलं माणूस आहे, मला माहीत नसेल तर कुणाला असेल.

मेंदूत गुठळी. इंजेक्शन दिलं. जीव वाचला. उजवी बाजू आणि वाचा, ते आता बघू म्हणतात. वेळेत आणलं म्हणून माझं कौतुक केलं. मला ते बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

१२ सप्टेंबर

सु. आला. यांचे पाय धरून असा रडला की शेजारच्या खाटेवरचे उठून बसले. भाऊजींवर जीव आहे त्याचा. मीच त्याला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला.

मुलगी पल्लवी इथंच अकोल्यात दिली म्हणून बरं. डबा तिच्याकडून येतो.

१४ सप्टेंबर

आज शब्द फुटला. "हाव." नर्सनं विचारलं दुखते का, हाव. मी धावतच पल्लवीला फोन केला. मग विचारलं, चहा पाहिजे? हाव. नको? हाव. मी कोण आहे, बहीण? हाव. पल्लवी हसायला लागली आणि मग रडायला लागली.

डॉक्टर म्हणाले, पुष्कळांचं असं होतं. एकच शब्द उरतो, तो आपोआप निघतो. त्याला हो समजू नका. समजतं त्यांना बरंच, पण आतलं बाहेर येत नाही. महिने लागतील, किती ते सांगता येत नाही.

१७ सप्टेंबर

गाडीवरच्या कांताबाई भेटायला आल्या होत्या. लेकरांना चढवते-उतरवते ती बाई. संत्री आणली. खाटेजवळ उभी राहून डोळे पुसत म्हणाली, "त्या दिवशी गाडीजवळ झालं तवाच मले वाटलं होतं बाई, की हे काही साधं नाई."

मी म्हटलं, कोणत्या दिवशी.

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटत होतं मला माहीत आहे. सु.नं तिला तसंच सांगून ठेवलेलं, ताईले माहीत आहे, तू कुठं बोलू नको.

पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी. सकाळी गाडी काढायची वेळ. हे गाडीतून खाली उतरले आणि झोक गेला. काहीतरी बोलले ते कुणाला कळलं नाही, जीभ जाड झालेली. सु.नं काखेत धरून मागच्या सीटवर नेऊन झोपवलं. मशीनमध्ये फुंकायला लावलं नाही. स्वतःच गाडी घेऊन गेला. थोड्या वेळानं हे उठून बसले, चांगले बोलायला लागले, परतीला चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी झेंड्याला लेकरं हेच घेऊन गेले.

 कांताबाईंचा काय दोष. संत्री सोलून दिली, त्या गेल्या. मग खाली जाऊन नळावर तोंड धुतलं, परत धुतलं.

डॉक्टरना मी ठासून नाही म्हटलं होतं.

१८ सप्टेंबर

सु.ला बोलावून घेतलं. दवाखान्याबाहेर लिंबाखाली चहाची गाडी आहे, तिथं. मी काही विचारायच्या आधीच त्याला कळलं. कप खाली ठेवला.

त्याला वाटलं, पिऊन आले. एवढंच. झोक जातो, जीभ जाड, जुना पिणारा माणूस. दुसरं काही त्याच्या डोक्यातच आलं नाही. सकाळी सकाळी घेतली म्हणजे पार गेले हातचे, असं वाटलं त्याला. आणि मला कळलं तर मी मरेन, असंही वाटलं.

मी विचारलं, काहून नाही फुंकायला लावलं. तो म्हणाला, "आकडा आला असता तं त्याच दिवशी सारं सरलं असतं ताई. भाऊजीचं बी अन् माह्यं बी. म्या जबाबदारी घेतली होती त्याईची."

"आकडा आला नसता, सुधाकर."

मी म्हटलं, तू फुंकायले लावलं असतं तर मशीननं शून्य दाखवलं असतं, आणि मग कुणीही विचारलं असतं की दारू नाही तर माणूस झोकांड्या कायले खाते. बाकीच्या साऱ्यांना रोज फुंकायला लावतोस. माझ्या नवऱ्यालाच तेवढा सोडलास. माझ्यावर उपकार म्हणून.

आईचं पाहिलं होतंस ना, विचारलं. तर म्हणे, आईचं पूर्ण अंग गेलं होतं, आणि भाऊजींचं तर पाव घंट्यात सरळ झालं, मग ते वारं कसं असेल. काल डॉक्टरना मी तेच विचारून घेतलं होतं. जे असं येऊन आपोआप जातं तीच मोठ्याची सूचना असते, म्हणाले. त्या वेळी आणलं असतं तर गोळ्या सुरू केल्या असत्या, कदाचित पुढचं टळलं असतं. कदाचित म्हणाले. मी तो शब्द सु.ला सांगितला नाही.

मग त्यानं ते सांगितलं. सांगायचं नव्हतं त्याला, पण मी फार बोलत होते म्हणून सांगितलं असेल. म्हणाला, "मले वास नव्हता आला ताई. म्या इचारलं, घेतली का. त्याईनंच हाव म्हटलं. थोडीशी घेतली म्हणे, ताईले सांगू नको."

मी उठून आले. चहाचे पैसे त्यानं दिले की नाही माहीत नाही.

१९ सप्टेंबर

न घेतलेली दारू घेतली म्हणून सांगितलं.

सात वर्षं मी लोकांपुढं मान वर करून फिरले. हे स्वतःच्या तोंडानं ती मान माझ्या भावासमोर खाली घालून आले. कशासाठी? दारू एकदा माफ होते, सु. पोटात घालेल. पण आजार म्हटलं की लायसन जाईल, गाडी जाईल, ही एवढी अक्कल त्या वेळी होती यांना. जीभ सरळ होताच पहिलं काम केलं ते हे.

म्हणजे यांना कळलं होतं. निदान काहीतरी कळलं होतं.

आणि मग माझ्यासमोर हनुवटी वर करून उभे राहिले. काजं बारीक केले म्हणे. मी उन्हात बसून काजं उसवली. बोटं चालत नव्हती यांची आणि मी काजं उसवत होते. ओळी दिसत नव्हत्या तर त्या दुकानात बसून आरशात बघून फ्रेम निवडली. मास्तर दिसतो का. माझ्याच पदराखाली लपून मला फसवलं माणसानं. दुसऱ्या बाईचं असतं तर भांडून मोकळी झाले असते. आता भांडू कुणाशी, समोर पडलेलं माणूस हाव म्हणतं.

पल्लवी म्हणते, आई, बाबा घाबरले असतील. असतील. मग घाबरल्यावर माणूस बायकोजवळ येतो की बायकोपासून पळतो?

रात्रीचा डबा तसाच परत पाठवला.

२३ सप्टेंबर

राग येतो आणि त्याच हातांनी यांचं तोंड पुसते. नर्स म्हणाली, किती प्रेमानं करता तुम्ही. 

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी चांगली आहे. उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडायला शिकवलं.

२७ सप्टेंबर. मेडशी

घरी आणलं. रमेशभाऊच टेम्पोत गादी टाकून घेऊन आले, डिझेलचं नाव काढू देईनात. त्यांची लेक समीक्षा दारात उभी होती. शाळेतून आली होती, दप्तर पाठीवरच. "काका, तुमची गाडी दुसरे अंकल चालवते आता. ते गाणे नाई लावत." हे म्हणाले, हाव. ती खूष झाली, पळून गेली.

ती पोरगी यांच्या मागच्या सीटवर बसते. पंधरा ऑगस्टपासून त्या सोमवारपर्यंत रोज बसली. पुलावरून, हायवेवरून, ट्रकांच्या मधून. हात चालत नाही, ओळ दिसत नाही, पायातली चप्पल निसटली ती कळत नाही, असा माणूस पुढं. हे आजवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आपली माझीच फसवणूक मोजत बसले होते.

एक दिवस इकडं तिकडं झालं असतं तर. चहाच्या वेळेऐवजी

पुढचं लिहवत नाही.

२८ सप्टेंबर

दिवसभर माणसं. विहारातले सगळे येऊन गेले. गुरुजींनी खाटेजवळ बसून वंदना घेतली. तेव्हा मात्र यांचे ओठ हलत होते, आणि मला वाटतं एखाददुसरा शब्द बरोबर आला. बोलणं गेलेल्यांना पाठ केलेलं कधी कधी येतं असं दवाखान्यात सांगितलं होतं. मला रडू आलं. राग तिथंच होता तरी आलं.

जाताना एक म्हातारी मला कोपऱ्यात घेऊन विचारते, परत सुरू केली होती का वं त्यानं, लोक म्हणून राह्यले. कुठून निघालं हे? सु.नं नाही सांगितलं, शपथ घेऊन म्हणतो. त्या दिवशी आवारात आणखी ड्रायव्हर होतेच. त्यांनी पाहिलं, हसले, घरी जाऊन सांगितलं. म्हणजे ऑगस्टपासून मालेगाव ते मेडशी सगळ्यांना माहीत होतं की माझा नवरा पितो. फक्त मला माहीत नव्हतं, आणि ते खोटं होतं हेही फक्त मीच सांगू शकले असते.

१ ऑक्टोबर

सु. आला. एकटाच. यांच्यासाठी काठी आणली, चार पायांची. बराच वेळ हातात घेऊन उंची कमी-जास्त करत बसला. मग मुद्द्यावर आला.

संस्थेचे सचिव सोमवारी येणार आहेत, भेटायला. भेटणं आणि विचारणं दोन्ही. पालकांपैकी कुणीतरी कुजबुज केली आहे. ते मला विचारतील, की बाई, याच्या आधी कधी काही झालं होतं का. सु.चं म्हणणं, नाही म्हणायचं. पहिल्यांदाच झालं, घरी झालं. कांताबाई बोलणार नाहीत. ते ड्रायव्हर दारूचंच बोलतील, आणि त्याला पुरावा नाही.

म्हणाला, "ताई, थे तीन हप्ते म्या त्याईले लेकरायच्या गाडीवर बसू देल्लं. हे निंघालं तं मले उभं बी करनार नाईत. माह्ये दोन पोरं हायेत. तू फकत नाई म्हन."

मी म्हटलं, नाई तर मी दवाखान्यात म्हटलंच होतं. तवा मले माहीत नव्हतं.

तो खाली बघत होता. लहानपणी मार खाऊन आला की असाच बसायचा, मी आईला सांगायचे नाही. माझा राग एवढ्यानं कमी झाला नाही, पण मधे काहीतरी आलं खरं. मी त्याला म्हटलं, तू मला काहीच सांगितलं नाहीस, आणि आता माझ्याकडून मागतोस तेही तेच. तो म्हणाला, "तुह्यासाठीच नाई सांगतलं." हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. मी म्हटलं, पिऊन आले असं वाटत होतं ना, मग पिलेल्या माणसालाही दुसऱ्या दिवशी लेकरांची गाडी दिलीसच ना, तेही माझ्यासाठीच? 

काठी ठेवून गेला. जेव म्हटलं नाही मी.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळीच गावातली गाडी नागपूरला दीक्षाभूमीला गेली. दरवर्षी आम्ही असतो. हे खिडकीतून बघत होते. मी पांढरी साडी नेसले, यांना पांढरा शर्ट घातला. बटणं मी लावली. यांनी डाव्या हातानं शेवटचं लावायचा प्रयत्न केला, लागलं. मी काही कौतुक केलं नाही. मग दिवसभर ते मनाला लागून राहिलं.

४ ऑक्टोबर

रमेशभाऊंची बायको भाकरी घेऊन आली. सोयाबीन काढायला आलंय, तरी रोज कुणीतरी येतंच त्यांच्याकडचं. ती बसली, गोष्टी केल्या. म्हणाली, लोक काय वाट्टेल ते बोलतात, पण आमचा तुमच्यावर भरवसा आहे, भाऊजी होते म्हणून समीक्षाला गाडीत पाठवताना कधी जिवाला घोर नव्हता.

ती गेल्यावर भाकरी तशाच झाकून ठेवल्या.

सचिवांना नाही म्हटलं तर हिला फसवते. हो म्हटलं तर सु. उघड्यावर. आणि यांचं काय होतं? दारूचा डाग पुसला जाईल, खरं आहे. त्याजागी दुसरं बसेल, की आजार कळत असून लेकरांना घेऊन फिरला. कोणतं बरं, ते मी कसं ठरवू. खरं म्हणजे यांनी ठरवायला पाहिजे. यांचंच आहे हे सगळं.

५ ऑक्टोबर, रविवार

दुपारी बोटांचा व्यायाम झाला. हे उशीला टेकून बसले होते, मी खाटेवरच समोर. घरात कुणी नव्हतं. आजवर विचारलं नव्हतं ते विचारलं. उत्तराला अर्थ नाही हे माहीत असूनही.

"त्या दिवशी काय होऊन राह्यलं ते कळलं होतं तुमाले?"

"हाव."

"का नव्हतं कळलं?"

"हाव."

"दारू घेतली होती?"

"हाव."

"नव्हती ना घेतली?"

"हाव." या वेळी डोळ्यांत पाणी. पण पाणी आता कशानंही येतं यांच्या, टीव्हीवर वासरू दिसलं तरी येतं. त्यावरूनही काही ठरवता येत नाही.

मी म्हटलं, मले काहून नाई सांगतलं? तुमी दोघं मिळून मले मूर्ख समजले का? यावरही तेच आलं. मग मीच बोलत सुटले. काजं, चष्मा, सगळं. आवाज चढला असेल, बाहेर कुत्रं उठून गेलं. हे ऐकत होते. मान हलवत नव्हते, नजर हलवत नव्हते. बोलून बोलून मला धाप लागली तेव्हा थांबले.

मग साध्या आवाजात विचारलं. "उद्या सचिव येतात. समीक्षा अन् ते सारे लेकरं गाडीत होते. खरं सांगू का त्याईले?"

हाव आलं नाही.

मी वाट पाहिली. तोंड उघडलं, जीभ हलली, परत मिटलं. दवाखान्यापासून आजपर्यंत जे काही विचारलं त्याला एकच उत्तर होतं, आणि आज तेही नाही. मी पुन्हा विचारलं. तेव्हा डाव्या हातानं माझा पदर धरला.

याचा अर्थ नको, की सांग, की नुसतं जाऊ नको, मला कळत नाही. तीस वर्षं बरोबर राहून कळत नाही. पदर सोडवून घेता येईल, पकड तेवढी काही नाही, पण सोडवला नाही. एका हातानं वही मांडीवर धरून लिहितेय. यांना झोप लागली आहे बहुतेक. सचिव सकाळीच येणार आहेत.